राणीबायचा विडा

राणीबायच्या गाण्याला मी पहिल्यांदा टाळी वाजवली, तेव्हा तिचं गाणं अजून सुरूच झालं नव्हतं. देवळापुढच्या मांडवात ती उभी राहिली, डोळे मिटले, पेटीवाल्याने दिलेल्या सुरात एक लांब ‘आ’ लावला आणि थांबली. मला वाटलं, झालं. शहरातलं गाणं असंच आटोपशीर असणार. मी तेव्हा नुकताच बेलापूरच्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो. गावात चष्मा लावणारा मी एकटाच, तेव्हा गाणं कुठे संपतं हे गावाला दाखवून देणं माझ्याकडेच आलं होतं. मी खाडकन टाळ्या पिटल्या. माझ्यावर विसंबून सगळ्या मांडवाने पिटल्या. राणीबायने एक डोळा उघडला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, “पाहुणे, नुसती पानं मांडलीत. अजून मीठसुद्धा वाढलं नाही, आणि तुम्ही हात धुवायला उठलात?”

मिठागरांच्या गावात मिठावरून बोलणी खाल्लेला मी पहिलाच असेन.

ती मूळची मिरजेकडची. लहानपणी एका संगीत नाटक कंपनीत आली ती राणीची तिसरी सखी म्हणून, म्हणजे तबक हातात धरून मागे उभं राहायला. तबक धरून उभी राहता राहता तिने पुढे उभ्या असणाऱ्या सगळ्या नायिकांची पदं गळ्यात उतरवून घेतली. “ज्याला तबक नीट धरता येतं त्याला मुकुट शिकवावा लागत नाही,” असं ती म्हणायची. पुढे ती स्वतः नायिका झाली. वऱ्हाडापासून बेळगावापर्यंत तिच्या नावावर थिएटरं भरली. मग बोलपट आले, थिएटरांच्या भिंतींवर पांढरे पडदे चढले, आणि एका गावी मालक सगळ्या कंपनीला धर्मशाळेत टाकून निघून गेला. जाताना कपडेपट विकून गेला. राणीचा शालू तेवढा वाचला, कारण तो त्या वेळी हिच्या अंगावर होता. ही गोष्ट ती हसत सांगायची आणि वर म्हणायची, “म्हणून सांगते भाचेबुवा, बाईनं नेहमी पोशाखात असावं. कोण कधी पळून जाईल, नेम नाही.”

मी भाचेबुवा कसा झालो ते सांगतो. आमच्या गावी चैत्रात देवीची जत्रा भरायची आणि जत्रेत गावकऱ्यांचं संगीत नाटक व्हायचं. दिवसभर मिठागरात राबणारी आमची आगरी माणसं सांजेला तालमीला बसत. राजा कायम आमचे धर्माकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांच्या मिशा आणि त्यांचा आवाज दोन्ही मंडळाच्या मालकीचे आहेत, असं गाव मानायचं. राणीचं काम आधी एक गडी लुगडं नेसून करायचा. पन्नास सालाच्या पुढेमागे काकांच्या मनाने घेतलं की आता खरी बाई आणायची. काका मुंबईला जाऊन तिला ठरवून आले.

ती आली ती ऐन ओहोटीला. होडी काठाला लागेना. मध्ये गुडघाभर चिखल. काठावर अख्खं गाव जमलेलं. काका ओरडले, “बाय, थांब तिथंच! दोन गडी पाठवतू, उचलून आनतील!” तिने होडीतूनच हात वर केला, काष्टा घट्ट खोवला आणि चिखलात उतरली. पाऊल रुतत होतं, पण मान कुठे झुकली नाही. काठाला लागल्यावर चिखलाचे पाय तसेच ठेवून म्हणाली, “राणी चिखलातून येताना पाहिली नव्हती ना कुणी? पाहून घ्या.” तिथेच तिचं नाव राणीबाय पडलं. खरं नाव विचारायचं पुढे कुणाला सुचलंच नाही.

त्या जत्रेत ती गायली आणि दुसऱ्या दिवशी तिची ट्रंक होडीत चढवायला कुणी तयार होईना. काका म्हणाले, “आता जातंस कुठं? तुला कोन हाय तिकडं? रहा हितंच. आमच्या पोरांना गानं शिकव. मी तुझा भाऊस.”

ती ट्रंकेवर बसली. मग म्हणाली, “राहीन. पोटापुरतं द्या, त्याहून काही नको. एकच मागणं आहे. मी पायावर उभी आहे तोवर राणी माझी.”

काकांनी देवीपुढे पानाचा विडा करून तिच्या हातात दिला. नाटकवाल्यांत विडा म्हणजे शब्द. तो हातात घेतला की काम घेतलं, आणि घेतलेला विडा परत करायचा नसतो, मग ताप येवो की आभाळ कोसळो. काकांची बहीण म्हणून ती माझी आत्या झाली आणि मी तिचा भाचेबुवा. तेव्हापासून दरवर्षी होळी झाली की काका धुतलेलं धोतर नेसून, तबकात विडा घेऊन देवळामागच्या तिच्या खोलीच्या दारात उभे राहत. ती पदर सावरून बाहेर येई, विडा कपाळाला लावी आणि आत जाई. कोणतं नाटक, किती पदं, समोर कोण, काही विचारायची नाही. मी एकदा म्हटलं, “आत्या, विचारावं तरी!” तर म्हणाली, “भावाला ‘काय वाढलंस’ म्हणून विचारायचं असतं का? ताट पुढे आलं की जेवायचं.” भाऊबीजेला ती काकांना ओवाळायची, आणि एरवी कोणापुढेही न झुकणारे काका तिच्यापुढे डोक्यावरची टोपी सारखी करून पाटावर बसायचे.

तालमीत मात्र ती कोणाची बहीण नव्हती. मला पहिल्या वर्षी तिने शिपायाचं काम दिलं. भाला घेऊन उभं राहायचं आणि राजा आला की वाकायचं. मी वाकलो तेव्हा भाला राणीच्या वेणीत अडकला. दुसऱ्या वर्षापासून मला पडद्याआड बसवून हातात नाटकाची प्रत दिली. “तुमचा चष्मा आहे ना, त्याचा उपयोग करू. तुमचा नको.” असा मी प्रॉम्प्टर झालो, तो शेवटपर्यंत. आमच्या सेनापतीची जीभ काही केल्या वळायची नाही. तो दरबारात धावत येऊन ओरडायचा, “म्हाराज, शत्रू आयला हाय!” पेटीवाले कपाळाला हात लावायचे. राणीबाय म्हणायची, “शत्रू आला हे राजाला कळलं की नाही? मग झालं. शत्रू काय व्याकरण बघून येतो?” पण तोच सेनापती एकदा राणीकडे पाठ करून बोलला, तर तिने तालीम थांबवली. “शब्द चुकला तर मी सांभाळून घेईन. पाठ नाही सांभाळायची मी.”

माझं लग्न झालं तेव्हा तिने आमच्या घरचा मांडव सोडला नाही. आमच्यात लग्नाचे विधी धवलारीण लावते. ती म्हातारी एका जागी बसून धवले म्हणत जाते आणि एकेका धवल्यावर एकेक विधी पुरा होतो. राणीबाय तिच्या शेजारी मांडी घालून बसली होती. मला वाटलं, ही आता तिच्या सुरात खोट काढणार. विधी आटोपल्यावर तिने धवलारणीच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, “आम्ही खोट्या राजाशी खोटं लग्न लावायला एवढं गातो. ही खरं लावते, आणि हिला कुणी पडदासुद्धा उघडून देत नाही.” माझी नवरी हिरा मुंडावळ्यांच्या आडून तिच्याकडे टक लावून बघत होती. पुढे दोघींचं चांगलंच जमलं. हिरा तिला सुकटीची चटणी नेऊन द्यायची आणि ती हिराला डोक्यावर हंडा असताना मान कशी ठेवायची ते शिकवायची. हिरा म्हणायची, “हंडा मी जन्मापासून वाहतंय, आत्या.” तर म्हणायची, “वाहतेस. मिरवत नाहीस.”

तिचा सगळ्यात कडक नेम वन्समोअरचा. पद आवडलं की लोक ओरडत, आणि ती तेच पद पुन्हा म्हणे, पण तसंच नाही. दर वेळी काहीतरी नवी जागा. कुठे एखादी तान वळवून, कुठे एकाच शब्दावर रेंगाळून. “लोकांनी पुन्हा मागितलं म्हणजे त्यांची भूक उरली. भुकेल्याला शिळं वाढायचं?” असं म्हणायची. आधी ठरवून ती हे करत नसे. तिला विचारलं तर सांगे, “मला कुठे माहीत असतं? गळा नेईल तिकडे जायचं.”

असं दहाएक वर्षं चाललं. मग खाडीपलीकडच्या एका गावाने आपल्या जत्रेत मुंबईहून सिनेमातली मुलगी आणली. सिनेमात ती कुठल्या तरी नाचात मागे उभी होती, पण तेवढं पुरलं. त्या वर्षी आमचा मांडव अर्धा रिकामा. काकांना ते फार लागलं. मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, “रानीबाय आता थकली. केस पिकले.” काका स्वतः तोवर पन्नाशी ओलांडून गेले होते. राजाचा शेला त्यांच्या पोटावरून फिरवायला दोन माणसं लागायची. पण राजा थकला असं कुणी बोललं नाही.

त्या होळीनंतर काका नेहमीसारखे धुतलेलं धोतर नेसून तबक घेऊन गेले. मी सोबत होतो. तिने पदर सावरला, विडा कपाळाला लावला. आत वळणार तोच काका म्हणाले, “बाय, औंदा मुंबईची पोरगी येनार हाय. ती उभी राहील. तू पदं म्हनायची. पडद्यामागून.”

ती वळली. हातात विडा तसाच.

“आता लाऊडस्पीकर हाय ना,” काका घाईघाईने बोलत सुटले. “आवाज कर्न्यातून येतो. त्याला तोंड कुठलं? सिनेमात पन तसंच करतात. एकजन दिसतो, एकजन गातो.”

“भाऊ,” ती म्हणाली, “हे आधी सांगायचं होतंत. विडा घ्यायच्या आधी.”

काका तबकाकडे बघत राहिले. आधी सांगितलं असतं तर तिने विडा घेतला नसता, हे त्यांना ठाऊक होतं. घेतला की ती परत करणार नाही, हेही ठाऊक होतं. तिची रीत गावात सगळ्यांत जास्त त्यांनाच पाठ होती. मी पहिल्यांदाच काकांचं तोंड बघायचं टाळलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली आणि आत गेली.

मुंबईची मुलगी आली. वाईट नव्हती बिचारी. दिसायला गोड, भेदरलेली, आपल्याला कुठे आणून सोडलंय हे तिला कुणी धड सांगितलं नव्हतं. तिने राणीबायला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “मावशी, मला नुसते ओठ हलवायला सांगितलंय.”

“ओठांनी कोण गातं गं?” राणीबाय म्हणाली. “इकडे ये.”

आणि तालमीत तिने त्या मुलीला काय शिकवावं? श्वास. आपण कुठे दम घेतो, तिथे हिने खांदे कसे उचलायचे. तान वर जाते तेव्हा मान कुठे, सम आली की पदर कुठे. मी प्रत मांडीवर घेऊन बघत होतो. स्वतःच्या जागी दुसरीला इतकी चोख बसवताना मी कोणाला पाहिलं नाही. न राहवून म्हटलं, “आत्या, जरा कच्चं ठेवायचं होतंत. कळू दे लोकांना.”

“खोटं कच्चं दिसलं तर नाटक पडेल,” ती म्हणाली. “भावानं फसवलं म्हणून नाटकानं का पडावं?”

प्रयोगाच्या दिवशी मांडव फुटायला आला होता. गॅसबत्त्या, कर्णे, पुढे सतरंजीवर बायकापोरं. मी माझ्या जागी बसलो आणि पडद्याआड राणीबाय आली. मी बघतच राहिलो. तोंडाला रंग, कपाळावर चंद्रकोर, अंगावर तो शालू, डोक्यावर मुकुट. संपूर्ण राणी. बघायला मी आणि पेटीवाले.

“आत्या, तुम्ही तर आतच...”

“भाचेबुवा, प्रॉम्प्टरनं विचारल्याशिवाय बोलू नये.”

उभं राहूनच गायली. समोर ती मुलगी ओठ हलवत होती, खांदे उचलत होती, सम आली की पदर सावरत होती, आणि खरंच, मला माहीत नसतं तर मीही फसलो असतो. विरहाचं पद झालं आणि मांडव उसळला. वन्समोअर! वन्समोअर!

पेटीवाल्यांनी मान हलवली, नको. काकांनी राजाच्या आसनावरून आत बघून हात हलवला, नको. लोक थांबेनात. राणीबायने सूर लावला. मी मनात म्हटलं, बाई, आज तरी तेच म्हण. जसंच्या तसं म्हण.

पहिली ओळ तशीच गेली. दुसऱ्या ओळीला गळा वळला. तिने ठरवून केलं असं मला आजही वाटत नाही. मी तिच्या हाताच्या अंतरावर होतो, तिचे डोळे मिटलेले होते. एका शब्दावर ती थांबली, तिथून वर गेली, खाली आली, पुन्हा गेली. समोरची मुलगी ओठ हलवत दोन पावलं मागे आली, मग तिला कुठे जायचं ते कळेना. तिने तोंड मिटलं. हात जोडून ती पडद्याकडे वळली आणि ऐकत उभी राहिली. रंगमंचावर राणीचं तोंड बंद, आणि कर्ण्यातून गाणं वाहतंय.

सगळ्यांनी पाहिलं. गाणं कोणाचं आहे हे तिथल्या कोणाला सांगायची गरज नव्हती. दहा वर्षं त्या आवाजावर त्यांची जत्रा चालली होती. पद संपलं. ती डोळे उघडून तशीच उभी राहिली. पडद्याच्या कडेला तिचा हात होता. मला वाटलं, आता कोणीतरी बोलावणार. तिलाही तसंच वाटलं असावं. एरवी लोकांनी नावाने हाक मारली की नटी पुढे येऊन मुजरा करते, हा रिवाजच आहे.

काका आसनावरून उठले. देवीपुढचा हार त्यांनी मागवून घेतला आणि त्या मुलीच्या गळ्यात घातला. क्षणभर कोणी हललं नाही. मग मागून कोणीतरी मुंबईच्या राणीचा जयजयकार केला आणि सगळा मांडव त्यात सामील झाला.

राणीबायने पडद्यावरचा हात काढला. उरलेली पदं म्हटली. एकही कमी नाही, एकही सूर इकडचा तिकडे नाही. रंग पुसताना मला विचारलं, “माझं कुठे चुकलं का?”

“नाही, आत्या.”

“मग विडा फिटला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती महाप्याच्या बाजूने सडकेला लागली. ट्रंक उचलायला मी गेलो तर माझ्याकडून घेतली आणि एका गाडीवानाच्या गाडीत ठेवली. काका घरातून बाहेर आले नाहीत. त्या मुलीलाही पुढच्या वर्षी कोणी बोलावलं नाही, आणि आणखी दोन वर्षांत आमचं नाटकच बंद पडलं. जत्रेत पडदा लावून सिनेमा दाखवू लागले.

ती तळोज्याला तिच्या जुन्या तबलजीच्या कुटुंबात राहते, मुलींना गाणं शिकवते, असं कळत होतं. काकांना अर्धांगाचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले, तेव्हा एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावलं. चालणाऱ्या एका हाताने त्यांनी विडा केला. पान सारखं सुटत होतं, पण कोणाला हात लावू देईनात. “तिला नेऊन दे,” म्हणाले. “सांग, औंदाची रानी तिचीच.” कसली राणी आणि कसलं नाटक! पण नाही म्हणवेना. मी आणि हिरा एस.टी.ने तळोज्याला गेलो.

केस पांढरेशुभ्र झाले होते. मान तशीच. हिराला जवळ घेतलं, चहा केला, मुलांची चौकशी केली. मग मी तबक पुढे केलं. काकांचा निरोप सांगितला.

तिने हात पुढे केला नाही. “कोणतं नाटक?” तिने विचारलं.

मी गडबडलो. “ते... ठरायचंय.”

“राजा कोण?”

“काकाच.”

“उभे राहतात?”

“नाही, आत्या.”

“मी कुठे उभी राहणार? पडद्यापुढे की मागे?”

दहा वर्षं एक अक्षर न विचारता विडा घेणारी बाई एकामागून एक विचारत होती, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, याचंच मला जास्त भय वाटलं. तिने तबकावर रुमाल टाकला आणि अलगद माझ्या हातात परत दिलं. “भाऊंना सांभाळा,” म्हणाली. “बहीण विचारायला शिकली, म्हणावं.”

परतीच्या एस.टी.त मी तबक मांडीवर धरून बसलो होतो. काकांना काय सांगायचं, या विचाराने डोकं फिरलं होतं. हिराला म्हटलं, “म्हाताऱ्यावर एवढा राग? तो तिकडे मरणाच्या दारात पडलाय. घेतला असता विडा तर काय बिघडलं असतं?”

हिरा खिडकीबाहेर बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, “काकांचं काय घेऊन बसलाव? काका एकटे होते काय मांडवात? आमी बाया अगदी पुढं बसलो होतो. त्या पोरीचं तोंड मिटलेलं आमी बघितलं. उठायचं, आत जायचं, तिच्या हाताला धरून भायेर आनायचं, एवढंच काम होतं. मांडीवर पोर निजलंय, उठू कशी, असं मी तवा मनाला सांगितलं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पोर जागं होतं.”